आठव्या दिवसाचा आकडा

रेक्टरच्या टेबलावर एकतीस वस्तू होत्या. पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या अकरा, हायलायटरसारख्या नऊ, लिपस्टिकसारख्या सात आणि कशाचंच सोंग न घेतलेल्या, नुसत्या गुळगुळीत रंगीत कांड्या चार. मी दोनदा मोजल्या. हॉस्टेलमध्ये मुली चौऱ्याऐंशी होत्या. सगळ्या अकरावी-बारावीच्या, डॉक्टर व्हायचं म्हणून क्लाससाठी अकोल्याला आलेल्या.

"मोजता काय मॅडम? गहू नाही ते निवडाले," रेक्टर सुभद्राताई म्हणाल्या. "तुमच्या पोरीचं कोणतं, तेवढं सांगा."

पोरगी नव्हे, ती माझी बहीण होती. नीलम, वय सतरा. बाबा परतवाड्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहेत, त्यांना रजा मिळाली नाही. आईची अंगणवाडी होती. म्हणून पालक म्हणून अमरावतीहून मी आले होते.

नीलमने पिवळ्या हायलायटरवर बोट ठेवलं. त्याच्या टोपणाखाली हिरव्या नेलपेंटचा ठिपका होता. दुसऱ्या मुलींच्या हायलायटरमध्ये मिसळू नये म्हणून केलेली खूण. मी लॅबमध्ये ट्यूबवर खूण करते, अगदी तशी. त्या नीटनेटक्या ठिपक्याकडे मी बघतच राहिले.

"कधीपासून?"

"जूनपासून."

"एक किती दिवस पुरतं?"

"चार. टेस्ट असली की तीन."

हायलायटरच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: दोन मिलिलिटर, पाच टक्के. म्हणजे शंभर मिलिग्रॅम निकोटीन. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक मिलिग्रॅम पोचतं. यातलं सगळं शरीरात जात नसेल असं धरलं, निम्मं धरलं, तरी माझ्या बहिणीचा हिशेब दिवसाला बारा सिगारेटींवर येत होता. आमच्या घरात आजवर एक विडीसुद्धा पेटली नव्हती. आणि ही ई-सिगारेट विकायलाच देशात बंदी आहे.

"घरी न्या," सुभद्राताई म्हणाल्या. "एकवीस दिवस देतो मी. लॅबचा रिपोर्ट आणा, अंगात निकोटीन नाही म्हणून. आणला तर तिची सीट तिची. नाही आणला तर वेटिंगवर चौदा पोरी हायेत. पोलिसात नाही गेलो, हेच उपकार समजा."

एसटी मूर्तिजापूर सोडेपर्यंत नीलम खिडकीकडे तोंड करून बसली होती. मग आपणच बोलली.

"वास येत नाही ताई त्याला. आंब्याचा येतो."

"दिलं कोणी पहिल्यांदा?"

"पायलनं. माझी रूममेट. मला झोप येत होती फिजिक्सला. म्हणे, दोन कश मार, चार तास वाचतील." मग ती म्हणाली, "वाचले पण. पहिले दोन महिने."

"आणि नंतर?"

"नंतर ते नसलं की वाचताच येत नव्हतं."

मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आहे आणि राजकमल चौकाजवळच्या एका खासगी लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे कोटिनीनची तपासणी होते, कारण विमा कंपन्या ती मागतात. माणूस अर्जावर 'तंबाखू खात नाही' असं लिहितो आणि लघवी वेगळंच सांगते. शरीरात गेलेल्या निकोटीनचं यकृत कोटिनीन करतं, आणि ते सोळा ते वीस तासांत निम्मं होतं. आज चौदाशे असेल तर उद्या सातशेच्या खाली, आठवड्यात दहाच्या आत, म्हणजे रिपोर्टवर 'निगेटिव्ह'. गणित सरळ होतं. रिपोर्टवर सही आमच्या किशोर सरांची असणार होती. मी त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नमुना तू समोर उभी राहून घ्यायचा. घरचं माणूस असो की दारचं."

पहिल्या दिवसाचा आकडा आला: १,४६०.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक प्राजक्ता मॅडमकडे गेलो. त्यांनी नीलमला रागावलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. अठराच्या आतल्या मुलांना निकोटीनची पट्टी किंवा गम शक्यतो देत नाही, म्हणाल्या. सगळं काम सवयीवर आणि बोलण्यावर करायचं.

"तलफ ही लाट असते," त्या तिला म्हणाल्या. "चढते आणि उतरते. मोबाईलवर घड्याळ लाव. पाच-सात मिनिटांच्या वर टिकली तर मला फोन कर, मी पैज हरले."

त्यांनी एक फॉर्म दिला. तो मी भरला, कारण माझं अक्षर बरं आहे. सातवा प्रश्न होता: घरात इतर कोणी तंबाखू, विडी, सिगारेट, खर्रा वापरतं का? मी 'नाही' लिहिलं. आमच्या घरात कोणी सुपारीही फोडत नाही. फ्रेजरपुऱ्यातल्या आईच्या अंगणवाडीच्या भिंतीवर 'तंबाखूमुक्त परिसर' अशी पाटी आहे. ती आईने स्वतः उभी राहून रंगवून घेतली होती, आणि तिथे खर्रा चघळत येणाऱ्या बापांना ती पोरांसमोर चूळ भरायला लावते.

मी वही केली. किती वेळा तलफ आली ते नीलम सांगायची, मी लिहायची. पहिला दिवस सव्वीस. दुसरा एकतीस. डोकं दुखणं, हात थरथरणं, भूक. तिसऱ्या दिवशी गिला वडा आणला तर तिने ताटली भिरकावली.

"एवढं दही कोण घालतं? मुद्दाम केलं तू!"

"मी केला का वडा? गाडीवाल्यानं केला."

"मग त्याच्याच घरी राहा तू!"

त्या दिवशी तिच्या हिरड्या ठणकत होत्या. दात सारखे आवळून धरल्यामुळे असावं, असं मी लिहून ठेवलं. आईने तिला मोरीपाशी नेलं, मंजन चोळून दिलं, पाठीवरून हात फिरवला. अर्ध्या तासात ती झोपली.

चौथ्या दिवशी तलफ आठ वेळा आली. पाचव्या दिवशी सहा. नीलम सकाळी उठून वाचायला बसली. तीन प्रकरणं झाली. आई मला स्वयंपाकघरातून खुणेने दाखवायची: पाह्य, कसं शांत झालं लेकरू. मी वहीत लिहिलं, 'लक्षणे अपेक्षेपेक्षा लवकर ओसरली', आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

आठव्या दिवशी नमुना घेतला. मी मोरीच्या दाराशी उभी होते. आकडा आला: १,२१०.

माझा पहिला संशय किटवर गेला. मुदत तपासली, ठीक होती. प्रमाणित नमुने लावले, बरोबर आले. माझी स्वतःची लघवी लावली: एकच्या खाली. नीलमचा नमुना पुन्हा लावला: १,१९०. क्रिएटिनीन पाहिलं, म्हणजे लघवी फार घट्ट किंवा पातळ तर नाही ना, तर तेही नेहमीचं. मशीन खरं बोलत होतं. म्हणजे माणूस खोटं बोलत होतं. माझ्यापुढे दुसरी शक्यताच नव्हती.

घरी येऊन मी तिची बॅग उलटी केली. कंपास, वह्यांची कव्हरं, बुटांचे तळ, सॅनिटरी पॅडची पाकिटं, सगळं. काही सापडलं नाही.

"काय शोधून राहिली?" नीलम दारात उभी होती.

"तू सांग."

"मी काही नाही ओढलं ताई."

"बाराशे दहा आहे."

"नसेल."

"आकडा खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते?" तिचा आवाज चिरला. "आठ दिवस झाले, डोकं फुटून राहिलं होतं माझं, तरी नाही ओढलं. बाबासाहेबांची शपथ."

आमच्या घरात ही शपथ कुणी सहज घेत नाही. भिंतीवरच्या तसबिरीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तरीही मी म्हणाले, "शपथेनं कोटिनीन उतरत नाही."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आई बाहेर आली. हाताला कणीक होती.

"किती दिवस रायले?"

"तेरा."

"मंग एक काम कर नं. तुही लघवी दे तिच्या नावानं." भाजीत मीठ घाल म्हणावं, तशा आवाजात ती बोलली. "तुही साफ हाय नं? कोन पाहून रायलं तिथं?"

मी नीलमची बॅग खाली ठेवली.

"आई, मी नोकरी करते तिथे."

"म्हनूनच तं म्हनतो. बाहेरच्याले थोडीच जमन."

"आणि ती पुन्हा हॉस्टेलला जाऊन ओढेल, ते?"

"ते मंग पाहू. एक वर्साचा सवाल हाय बाई. तिच्या बापानं किती जागी हात जोडले तवा तिचं नाव लागलं. तुले काय, तुह्यं शिकून झालं."

रात्री मी गणित पुन्हा मांडलं. आठ दिवस, म्हणजे जवळजवळ दहा अर्धआयुष्यं, दहा वेळा निम्मं. १,४६० चे दोनसुद्धा उरायला नको होते. बाराशे उरायचे तर रोज बाहेरून भर पडायला हवी. रोज, एखाद्या वेळी नव्हे. ती घराबाहेर गेली नव्हती. तिच्याकडे पैसे नव्हते. फोन माझ्याकडे होता. तिला भेटायला कोणी आलं नव्हतं. तरी भर पडत होती. मग माझ्या लक्षात आलं की आठ दिवस मी तिच्यातून काय बाहेर येतं ते मोजत होते. तिच्या आत काय जातं, ते एकदाही मोजलं नव्हतं.

अकरावा दिवस रविवार होता. मी सुट्टीच्या कपड्यांत, वही घेऊन, उजाडल्यापासून तिच्या मागे लागले.

"आता काय पहारा?" नीलम म्हणाली. आठव्या दिवसानंतर आमच्यातलं हे पहिलं वाक्य होतं.

"हो. तोंडात जे जाईल ते लिहायचं. सगळं. तू खरं बोलत असशील तर यातच सापडेल."

"लिही मग," ती म्हणाली.

६.४०, पाणी, अर्धा ग्लास. ६.५२, मंजन.

लिहून झाल्यावर मी वर पाहिलं, पुढच्या ओळीची वाट बघत. नीलम बेसिनपाशी उभी होती. तिच्या हातात ब्रश नव्हता. उजव्या हाताची तर्जनी ती हिरड्यांवर फिरवत होती आणि तिचं पहिलं पेर काळं झालं होतं. पुढ्यात चपटा पत्र्याचा डबा उघडा होता. आईचा. ब्रशचा ग्लास आणि साबणदाणी यांच्यामध्ये तो माझ्या जन्माआधीपासून असावा. बेसिन घासताना मी तो कितीदा उचलून परत जागेवर ठेवला असेल, सांगता येणार नाही.

ती चोळतच होती. एक मिनिट. दोन. दात घासायला इतका वेळ लागत नाही. तिचे डोळे अर्धवट मिटले होते आणि खांदे खाली आले होते.

"थुंक," मी म्हणाले.

"काय?"

"थुंक ते! आधी थुंक!"

माझ्या ओरडण्याने आई चुलीपासून धावत आली. "काय झालं वं माय? इंचू चावला काय?"

"हे तू तिला दिलंस?"

"हाव. दात दुखे नं तिचे. तिसऱ्या दिवसापासून लावून देतो. आता तिचं तीच लावते, तीन टाइम." आई डब्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. "कावून?"

"काय आहे यात?"

"पूड हाय. भाजेल पूड."

"कशाची?"

"पानाची."

"कोणत्या पानाची, आई?"

नळ चालू होता. तो कोणी बंद करत नव्हतं.

"तंबाखूच्या," आई म्हणाली. "पन ते खात नाही नं कोनी. थुकून टाकते. मिसरी हाय ते, दातासाठी. तंबाखू म्हंजे खर्रा, बिडी. हे थोडीच तंबाखू हाय."

मी नीलमकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे... आई लावते तेच." तिने ओठ पुसले. बोट अजून काळं होतं. "लावलं की डोकं थांबायचं. मला वाटलं, दात बरे झाले म्हणून." मग ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, तू फॉर्मवर काय लिहिलं होतं?"

विमा अर्जावर 'नाही' लिहिणाऱ्या माणसांना आम्ही लॅबमध्ये हसतो. मी खोटं लिहिलं नव्हतं. सातवा प्रश्न वाचताना त्या डब्याचा विचारच माझ्या मनात आला नव्हता. चोवीस वर्षं डोळ्यासमोर असलेली तंबाखू मला तंबाखू म्हणून दिसली नव्हती. आणि मी माझ्या बहिणीची पॅडची पाकिटं फाडली होती.

"चुकलं माझं," मी तिला म्हणाले. "तू खरं बोलत होतीस."

ती रडली नाही. बेसिनवर वाकून चुळा भरत राहिली. मी मोजल्या नाहीत.

दुपारी आई माझ्या खोलीत आली आणि प्लॅस्टिकची छोटी बाटली टेबलावर ठेवली.

"माही बी पाह्य."

सोमवारी तिचा आकडा आला. मी तो कागदावर लिहून नेला, कारण तोंडाने सांगता आला नसता. २,१४०.

"हे माह्यं?"

"हो."

"नीलमपेक्षा जास्त?"

"हो."

"तिच्या त्या ओढाच्या मशीनच्या टायमापेक्षा बी?"

"हो, आई."

तिने कागद घडी केला, उलगडला, परत घडी केला. "तेरा वर्साची होती मी. पाळीत पोट दुखे. मायनं लावून देलं, म्हने घास, कमी होते. झालं बी कमी." ती आपल्या बोटाकडे बघत होती. "मी माह्या पोरीले जहर चोळत होतो काय वं? माह्या हातानं?"

मी तिचा हात धरला. तर्जनीच्या नखाची कड कायमची तपकिरी होती.

प्राजक्ता मॅडमनी फॉर्म परत मागवून सातव्या प्रश्नासमोरचं 'नाही' माझ्याच हाताने खोडायला लावलं. "तुम्ही पहिल्या नाही," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्यांदा लिहू नका." आईला त्यांनी गम सुचवला. आई म्हणाली, "आधी बिना गमचं पाहतो."

डबा आईने स्वतः नालीत उपडा केला.

खरी सुटका आता सुरू झाली, आणि घरात एकाऐवजी दोन पेशंट. नीलमच्या तलफेचे आकडे पुन्हा चढले: अठ्ठावीस, तेहतीस, सत्तावीस. आईचे लिहायला ती तयार नव्हती. "माह्ये नको लिहू. मी काय पोट्टी हावो?" वरणात मीठ कमी म्हणून दोघींचं असं भांडण झालं की शेजारच्या नत्थुजींनी भिंतीवर ठोठावून विचारलं, "अवो वहिनी, कोन मेलं काय?"

"अजून नाही!" आई आतून ओरडली. "मेलं की सांगतो!"

नीलमला हसू फुटलं. आठवड्यातलं पहिलं. हसता हसता ती घड्याळ लावायला धावली, कारण लाट आली होती. तोंडात फुटाणे, हातात मी परत दिलेला मोबाईल, ओट्याला टेकून उभी. आई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"किती झाले?"

"दोन मिनिटं दहा सेकंद."

"माह्यं बी लाव."

"एकच घड्याळ आहे आई."

"मंग दोघीचं एकावरच लाव."

चार मिनिटं चाळीस सेकंदांनी नीलमची लाट उतरली. आई तशीच उभी राहिली.

पंधराव्या दिवशी नीलमच्या वहीत चौदा होते, अठराव्या दिवशी पाच. अठराव्या रात्री पायलचा मेसेज आला. नवीन आलं आहे, लिचीचं, तुझ्यासाठी ठेवू का? नीलमने तो मला वाचायला दिला आणि माझ्यासमोर उत्तर टाईप केलं. 'नको. तूच प्राजक्ता मॅडमशी बोल. रागावत नाहीत.' खाली नंबर दिला. पायलकडून उत्तर आलं नाही.

विसाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मी दोघींचे नमुने घेतले. दोन्ही वेळा मोरीच्या दाराशी उभी होते. आई म्हणाली, "माह्या मांगं बी?" मी म्हणाले, "घरचं माणूस असो की दारचं." बाटल्यांवर नावं न घालता नुसते क्रमांक घातले आणि किशोर सरांच्या हातात दिल्या. तपासणी त्यांनीच लावली. मी बाहेर बाकावर बसले होते. नीलमची बॅग घरी भरलेली होती, अकोल्याच्या एसटीची वेळ पावणेतीनची होती.

साडेअकराला सरांनी कागद दिला. दोन्ही नमुन्यांचं क्रिएटिनीन सामान्य.

क्रमांक एक, नीलम: २.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर.

क्रमांक दोन, आई: ४१२. म्हणजे भर अजून पडत होती.